बॉयलरच्या आधी पाइपाचा विचार

दादर, मुंबई

प्रिय अरविंद,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतचे अंदाजपत्रक मिळाले. इंग्लंडमधल्या तुझ्या लेस्टरच्या घरातला जुना बॉयलर काढून तिथे ३० किलोवॅटचा कॉम्बी बॉयलर, म्हणजे घर आणि नळाचे पाणी दोन्ही तापवणारे एकच यंत्र, बसवावा का, असे तू विचारले आहेस. अंदाजपत्रकात बॉयलर, धूर बाहेर नेणारी नळी, थर्मोस्टॅट, मजुरी असे सगळे तपशीलवार मांडले आहे. गॅसच्या पाइपाविषयी मात्र ‘सध्याचाच वापरू’ एवढेच लिहिले आहे. मला काळजी वाटते ती त्या दोन शब्दांचीच.

नवा बॉयलर कमी गॅस जाळतो, मग जुना पाइप का पुरू नये, हा तुझा प्रश्न स्वाभाविक आहे. पण कमी जळतो तो वर्षभराच्या हिशेबात, आणि पाइपाला वर्षाचे बिल ठाऊक नसते. एका क्षणी जास्तीत जास्त किती गॅस वाहून न्यायचा आहे, एवढ्यावरच त्याची जाडी ठरते. तुझा जुना १५ किलोवॅटचा बॉयलर खोल्यांना ऊब देणारे रेडिएटर तापवत असे आणि टाकीतले पाणी सावकाश गरम करत असे. त्याची कार्यक्षमता ७५ टक्के धरली, तर त्याला २० किलोवॅटइतका गॅस लागत असणार. एका घनमीटर नैसर्गिक वायूतून साधारण ११ किलोवॅट-तास ऊर्जा मिळते, म्हणजे हा प्रवाह तासाला सुमारे १.८ घनमीटर झाला. कॉम्बी बॉयलरला टाकी नसते. तोटी उघडताच वाहते पाणी त्याला तिथल्या तिथे तापवायचे असते, आणि तेही तुमच्याकडच्या हिवाळ्यातले बर्फगार पाणी. ३० किलोवॅटच्या यंत्राला त्या वेळी तासाला सुमारे ३.१ घनमीटर गॅस लागतो. पाइपातली दाबाची घट जवळजवळ प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे त्याच पाइपात ती सुमारे अडीचपट होईल.

तुमच्याकडे मीटरपाशी गॅसचा दाब साधारण २१ मिलिबार असतो, आणि मीटरपासून उपकरणापर्यंत त्यातला १ मिलिबारपेक्षा अधिक वाटेत खर्ची पडू नये, असे तिथले बीएस ६८९१ हे मानक सांगते. आमच्या मुंबईतही पाइप गॅस स्वयंपाकघरात २१ मिलिबारनेच येतो. इथल्या जुन्या इमारतींत शेगडीच्याच बारीक फाट्यावर कोणी गॅस गिझर जोडला, की गिझर पेटताच शेगडीची ज्योत बसते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. चाळीत तळमजल्याचा नळ सुटला की वरच्या मजल्यावरची धार बारीक होते, तसेच हे आहे. गिरगाव-लालबागच्या जुन्या घरांत हा प्रश्न निदान शेगडी आणि गिझर यांच्यापुरताच असतो. तुझ्या घरात सगळी ऊब त्याच पाइपावर अवलंबून आहे.

तू काढून पाठवलेल्या आकृतीवरून मी हिशेब केला. मीटरपासून स्वयंपाकघरातल्या टीपर्यंत, म्हणजे पाइपाला फाटा फुटतो त्या जोडापर्यंत, २२ मिलिमीटरचा तांब्याचा पाइप सहा मीटर आहे आणि त्यात सहा एल्बो, म्हणजे काटकोनी वळणाचे जोड, आहेत. प्रत्येक एल्बो अर्ध्या मीटरइतका अडथळा करतो, म्हणून ही लांबी नऊ मीटर धरायची. तिथून बॉयलरपर्यंत १५ मिलिमीटरचा पाइप चार मीटर आणि चार एल्बो, म्हणजे सहा मीटर. पहिल्या भागातून बॉयलरचा आणि शेगडीचा मिळून तासाला सुमारे ४.१ घनमीटर गॅस जाईल आणि तिथेच ०.८ मिलिबार दाब जाईल. पुढच्या बारीक भागात आणखी २.४ जातील. एकूण घट तीन मिलिबारच्या वर होते. पुढचा भाग २२ मिलिमीटरचा केला तरी बेरीज १.१ च्या आसपास राहते आणि मर्यादा थोडक्यात ओलांडली जाते. त्यामुळे मीटरपासून टीपर्यंत २८ मिलिमीटर आणि पुढे २२ मिलिमीटर घालावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मग घट अर्ध्या मिलिबारच्या जवळ येईल. बॉयलरच्या बुडाशी गॅसची जोडणी १५ मिलिमीटरची आहे म्हणून मागचा पाइपही तेवढाच चालेल, असे कोणी सांगितले तर ते मानू नकोस. जोडणीचा तुकडा वीतभर असतो. पंधरा मीटर लांबीवर एका मिलिबारच्या घटीत १५ मिलिमीटरचा पाइप तासाला १.१ घनमीटर गॅस देतो आणि २२ मिलिमीटरचा ३.४.

बॉयलर बंद असताना दाब मोजून ‘बरोबर २१ आहे’ असे कोणी दाखवले, तर त्याचा काही उपयोग नाही, कारण गॅस वाहत नसताना बारीक पाइपातही पूर्ण दाब दिसतो. शेगडीचे सगळे बर्नर आणि गरम पाण्याची तोटी पूर्ण सोडून, बॉयलर पूर्ण शक्तीने चालू असताना मीटरपाशी आणि बॉयलरपाशी दाब मोजायला सांग, आणि दोन्ही आकडे लिहून घे. मीटरपाशीच दाब कमी भरला, तर तो प्रश्न घराबाहेरचा आहे आणि त्याची तक्रार वेगळी करावी लागेल. बॉयलरपाशी दाब पुरेसा नसेल, तर पाणी कोमट येईल, शेगडीची ज्योत डळमळेल, किंवा ऐन थंडीत यंत्र स्वतःहून बंद पडेल.

आणखी एक गोष्ट मनावर घे. घर जुने आहे, तेव्हा फरशीखाली लोखंडी किंवा शिशाचा पाइप दडलेला असू शकतो. तुमच्याकडे १९६७ ते १९७७ या काळात कोळशाच्या वायूऐवजी नैसर्गिक वायू आला. आधीच्या वायूत ऊर्जा निम्मीच असल्यामुळे त्या काळचे काही पाइप आजच्या मानाने ऐसपैस असतात, पण आतल्या गंजाची आणि गळतीची तपासणी केल्याशिवाय त्यांच्यावर विसंबू नये. हे काम गॅस सेफ रजिस्टरमध्ये, म्हणजे गॅसचे काम करणाऱ्यांच्या तिथल्या अधिकृत नोंदवहीत, नोंद असलेल्या फिटरकडूनच करून घे. तुझ्या हाताला कसब असले तरी इथे ते वापरू नकोस.

फरशी उखडण्याचा खर्च तुला जड वाटत असेल, तर बॉयलर बदलण्याचा विचार कर, पाइपाशी तडजोड नको. स्नानघर एकच आहे आणि माणसे तुम्ही दोघे. २४ किलोवॅटचा कॉम्बी पाण्याचे तापमान ३५ अंशांनी वाढवून मिनिटाला जवळजवळ दहा लिटर पाणी देतो. टाकी ठेवून १५ किलोवॅटचा कंडेन्सिंग, म्हणजे धुरातली उष्णताही वापरणारा, बॉयलर घेतलास, तर गॅस जुन्यापेक्षाही कमी लागेल आणि कदाचित पुढचा एकच बारीक तुकडा बदलून भागेल. जागा अडते म्हणून टाकी काढायची, हे कारण मला पटत नाही.

फिटरकडून लांबी, एल्बो आणि प्रत्येक भागातली घट यांचा लेखी हिशेब माग आणि पैसे भरण्याआधी तो मला पाठव. फरशीखालचा पाइप कोणत्या धातूचा आहे, तेही त्याला पाहून कळवायला सांग.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
मोहन