७०:३० आणि ९०:१०

प्रिय संज्या,

आठ महिने पत्र नाही, फोन नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. आम्ही सगळे बरे. माझी साखर आटोक्यात.

अनूचं मेडिकलचं यंदा जमलं नाही. चोवीस अर्ज, दोन मुलाखती, दोन्हीकडे वेटिंग लिस्ट. दुसरा नकार परवा आला. एमकॅटला, म्हणजे इथल्या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला, ५२८ पैकी ५१४ होते रे, पोरीने कष्टात कसूर केली नाही. आडवं आलं ते राज्य. टेक्सासच्या सरकारी मेडिकल कॉलेजांत बाहेरच्या राज्यातल्यांना १० टक्क्यांवर जागा द्यायच्या नाहीत, असा कायदाच आहे. मिसिसिपीचं सरकारी कॉलेज तर बाहेरचं कुणी घेतच नाही. आणि आमच्या कॅलिफोर्नियात गर्दी एवढी, की ज्यांना कुठेतरी प्रवेश मिळतो त्यांतलेही निम्म्याहून जास्त परराज्यात जातात.

अनू टेक्सासमधल्या ह्यूस्टनची. नववीपर्यंत तिथेच शिकली. पगार वाढतोय म्हणून मी बिऱ्हाड इकडे हलवलं. तीन वर्षं थांबलो असतो, तिचं हायस्कूल तिथेच पुरं झालं असतं, तर आज कदाचित ती ९० टक्क्यांच्या रांगेत उभी असती. गेल्या जूनमध्ये अर्ज भरताना राज्याचा रकाना आला. तिचं बोट क्षणभर थांबलं. मग माझ्याकडे न बघता तिने 'कॅलिफोर्निया' निवडलं. तिचं ते न बघणं अजून माझ्या घशात अडकलंय.

तुलाच लिहितोय, कारण ७०:३०. आपल्याकडचा तो नियम: मेडिकलच्या ७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्या पोरांना, उरलेल्या ३० राज्यभरातल्यांना. स्टँडसमोरचं हॉटेल आठवतं? तुझ्याहून कमी मार्कांचा पुण्याचा पोरगा आत आणि तू बाहेर, कारण मराठवाड्यात कॉलेजंच मोजकी. आणि मी काय म्हणालो? "नियम सगळ्यांना सारखा. चार मार्क जास्त काढायचे होतेस." तू चहा तसाच टाकून उठलास. (त्याचे पैसे मी दिले, हे मात्र तू कधीच कबूल केलं नाहीस!) २०२० मध्ये तो नियम गेला तेव्हाही मी तुला फोन केला नाही. करायला हवा होता. कॉलेज तिथल्या लोकांच्या करावर चालतं, तिथले डॉक्टर तिथेच राहावेत, हे मला पटतं. पण आपलं लेकरू रेघेच्या पलीकडे उभं राहिलं की काय होतं, ते आत्ता कळलं. संज्या, त्या दिवशीचं मनावर घेऊ नकोस. चुकलं माझं.

तुझ्या दुसऱ्या औषधाच्या दुकानाचं काय झालं, जागा मिळाली का? वहिनींचा गुडघा? पिंट्याचं लग्न ठरलं म्हणे, तारीख कळव.

अनू पुन्हा अर्ज करणार आहे. तिला तुझ्याशी बोलायचंय, माझ्याशी नाही. रविवारी तू दुकान उघडायच्या आधी फोन लावून देतो.

तुझाच,
बाळ्या