खाडीपुलांवर सायकलला जागा ठेवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कोकण किनाऱ्याने जाणाऱ्या रेवस–रेडी सागरी महामार्गावरच्या खाडीपुलांविषयी वर्तमानपत्रांत अधूनमधून बातम्या येतात. पूल किती पदरी, खर्च किती, किती तास वाचणार, हे सगळे त्यात असते. त्या पुलांवरून सायकलवाल्याला आणि पायी माणसाला जाता येणार की नाही, हे मात्र मला आजवर कुठे वाचायला मिळाले नाही. म्हणून हे पत्र.

मी दापोली तालुक्यातला निवृत्त प्राथमिक शिक्षक. नोकरीभर शाळेत सायकलनेच गेलो. निवृत्तीनंतर गिअरची सायकल घेतली, कॅरिअरला दोन्ही बाजूंनी पिशव्या लावल्या आणि तेव्हापासून दर हिवाळ्यात किनाऱ्याने फिरतो. रेवसहून निघून रेडीपर्यंत दोनदा गेलो आहे. तुकड्यातुकड्याने किती वेळा, ते मोजलेले नाही.

ज्यांनी हा रस्ता मोटारीतून पाहिला त्यांना तो समुद्राकाठचा म्हणून सपाट वाटतो. सायकलवर बसले की खरे काय ते कळते. खाडी आली की रस्ता पाण्यापर्यंत उतरतो, पलीकडे गेले की घाटी चढून सड्यावर, म्हणजे वरच्या खडकाळ माळावर, येतो. दोन-चार मैल जांभ्याचा उघडा सडा, वारा आणि ऊन, की पुन्हा उतार, माडाची आगरं, देऊळ, बंदर आणि पुढची खाडी. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, वाघोटण, कर्ली अशा नद्या एकेक करून ओलांडाव्या लागतात. चढ लांब नसतात, पण उभे असतात. धोपाव्याच्या धक्क्यावरून वर येताना किंवा पूर्णगडाच्या आसपास मी आजही खाली उतरून सायकल ढकलतो.

जायचे उत्तरेकडून दक्षिणेला, दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत. पहाटे जमिनीवरून मतलई वारा येतो तो गार आणि हलका. अकरानंतर खारा वारा सुटतो, तो वायव्येचा, म्हणजे दक्षिणेकडे जाणाऱ्याच्या पाठीवर. उलट निघालात तर दुपारी आरे-वारेच्या चढावर हाच वारा छातीवर घ्यावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत तर नकोच. ऊन असते आणि आंब्याच्या पेट्या भरलेल्या पिकअप गाड्या वाशीची बाजारवेळ गाठायला धावत असतात.

आता मुद्द्याचे. या सगळ्या रस्त्याचा कणा म्हणजे तरी, खाडी ओलांडणाऱ्या फेरीबोटी. आगरदांडा–दिघीची जंगलजेटी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड. दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला जायला पंधरा मिनिटे पुरतात. ती नसेल तर खेड-चिपळूणमार्गे गुहागरला जायला शंभराहून अधिक किलोमीटर पडतात आणि त्यातला बराच भाग राष्ट्रीय महामार्गावर अवजड गाड्यांच्या बाजूने. मोटारीला हा वळसा दोन-तीन तासांचा, सायकलवाल्याचा मात्र अख्खा दिवस मोडतो.

गेल्या डिसेंबरात सकाळच्या पहिल्या फेरीला मी दाभोळला होतो. दापोलीहून अंधारात निघालो होतो. उतारावर हात गारठून ब्रेक धरवत नव्हता. बोट लागली, फळी खाली आली, आधी दोन टेम्पो आणि मोटरसायकली गेल्या, मग आम्ही. आम्ही म्हणजे मी, पाट्या घेतलेल्या तीन कोळणी आणि सायकल धरलेली एक शाळकरी मुलगी. बोटीवरच्या माणसाने माझी सायकल कठड्याला टेकवली आणि मधल्या नळीतून दोरीचा एक फेरा घातला. “गुरुजी, हँडल आत वळवा, गाडी सुटली की धक्का बसतो,” म्हणाला. मागे वळून पाहिले तर दाभोळच्या जुन्या मशिदीच्या घुमटावर ऊन नुकतेच चढत होते. त्या मुलीची सायकल साधी, चेनला गंज. खारे पाणी उडते, उतरल्यावर गोड्या पाण्याचा हात फिरव आणि तेल सोड, असे मी तिला सांगितले. तिने मान डोलावली आणि पलीकडे उतरल्यावर चढावर माझ्या पुढे निघून गेली.

रेवस–करंजा, आगरदांडा–दिघी, बाणकोट, दाभोळ, जयगड इथे पूल बांधायचे ठरले आहे. काही ठिकाणी कामेही सुरू झाली आहेत. बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना, १९८० च्या सुमारास, या रस्त्याचे स्वप्न मांडले गेले. तेव्हापासून दोन पिढ्या वाट पाहत आहेत. बाणकोटच्या खाडीत अर्धवट पुलाचे खांब कितीतरी वर्षे नुसते उभे आहेत. पुलाला माझा विरोध नाही. अडलेल्या बाईला रात्री खाडीपलीकडच्या दवाखान्यात न्यायचे झाले आणि फेरीबोट बंद असली तर काय होते, ते आम्ही काठावरच्या लोकांनी पाहिलेले आहे. पूल हवेतच.

भीती वेगळी आहे. मुंबईत वांद्रे–वरळी सागरी सेतूवर सायकल आणि दुचाकी चालत नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, जवळपास २२ किलोमीटर लांबीचा, त्यावरही दुचाकीला बंदी. तिथली कारणे तिथे ठीक असतील, कारण तिथे दुसरे रस्ते आहेत. तोच नियम उद्या दाभोळच्या किंवा जयगडच्या पुलावर लागला आणि पूल झाला म्हणून फेरीबोट बंद पडली, तर आज पंधरा मिनिटांत पलीकडे जाणारी ती मुलगी आणि त्या कोळणी कुठून जाणार? पूल झाल्यावर मोटारी त्याच्यावरून जाणार, मग तरीचा धंदा आपोआप बसेल. ती चालू ठेवायला कोणी बांधील नसेल. तेव्हा पुलावर पायी आणि सायकलने जायला रस्त्यापेक्षा उंच, कठडा घातलेली वेगळी पट्टी आराखड्यातच धरली पाहिजे. नंतर ती जोडता येत नाही. हे पूल उंच असणार, खालून बोटी जायला हव्यात, म्हणजे वर दुपारचा वारा आडवा लागणार. अशा वाऱ्यात भरलेल्या डंपरच्या शेजारून, मध्ये काही आडोसा नसताना, सायकल सरळ धरणे मला तरी जमणार नाही. आणि पावसाच्या पाण्याच्या लोखंडी जाळ्या कृपा करून रस्त्याला आडव्या बसवा. उभ्या बसवल्या की बारीक टायर फटीत जातो.

पुलाइतकीच साईडपट्टीची गोष्ट आहे. दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर चढतो, रस्ता उंच होत जातो, कडेची साईडपट्टी मात्र भरली जात नाही. त्यात पावसाळ्यात कडेची माती वाहून जाते. दोन वर्षांपूर्वी राजापूर तालुक्यातल्या एका सड्यावर, वळणावर, मागून पिकअप हॉर्न देत अगदी जवळ आला. मी डावीकडे घेतले आणि पुढचे चाक डांबराच्या कडेवरून खाली गेले. पडलो तो जांभ्याच्या खडकावर, डाव्या खांद्यावर. काजूच्या बागेतून दोन बायका धावत आल्या, एकीने आपला पदर फाडून हात गळ्यात बांधला. गळ्याचे हाड मोडले होते, सहा आठवडे हात झोळीत. बरा झाल्यावर मी मुद्दाम तिथे परत गेलो आणि त्या कडेला वीत लावून पाहिली. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत पुरी भरली. अशी कडा किनाऱ्याच्या रस्त्यावर मैलोन्‌मैल आहे. त्यावरून शाळेची मुले सायकलने जातात, डोक्यावर भारा घेतलेल्या बायका जातात. नवा थर टाकण्याच्या कामातच कडेला मुरूम भरून दाबणे धरले, तर रस्ता रुंद न करताही निम्मे अपघात टळतील असे माझे अनुभवाने मत आहे.

घाटांविषयी थोडेच लिहितो. किनाऱ्याने गेलेला सायकलवाला परत येताना बहुधा सह्याद्री चढतो. साखरप्याहून आंबा, चिपळूणहून कुंभार्ली, वैभववाडीहून करूळ किंवा भुईबावडा, सावंतवाडीहून आंबोली. मला आंबोली सगळ्यात आवडते. दाणोली सोडल्यावर झाडीतून चढ एकसारखा लागतो, मध्येच दम खाऊ देत नाही आणि तोडतही नाही. वर हिरण्यकेशीच्या उगमापाशी बसून डबा खाण्यासारखे सुख नाही. भुईबावडा सगळ्यांत अरुंद. तिथे वाहतूक वळवलेली असेल त्या दिवसांत जाऊ नये. या घाटांत पायथ्याला एक साधी पाटी हवी. चढ किती किलोमीटर, पाणी कुठे, एवढेच. मोटारीसाठी हॉटेलांच्या पाट्या ढीगभर आहेत.

यातून गावांना काय, असा प्रश्न विचारला जातो. मुंबईची गाडी एका दिवसात तारकर्लीला पोचते. मधली नाटे, आडिवरे, कशेळी, मिठबाव, आचरा ही गावे काचेतून मागे पडतात. सायकलवाला दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर जातो, म्हणजे त्याला दर साठ किलोमीटरवर रात्रीची पडवी आणि जेवण लागते. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट येऊ लागली. तिच्यात सायकल घालून आलेली मुले मला दरवर्षी भेटतात. तवसाळच्या अलीकडे एका घरी मी तीन वर्षे उतरतो आहे. पहिल्या वर्षी त्या काकूंनी पैसे घ्यायलाच नकार दिला होता. आता त्यांनी ओटीवर दोन खाटा वाढवल्या आहेत, सुनेने घावणे आणि काळ्या वाटाण्याचे सांबारे पाहुण्यांसाठी करायला घेतले आहे आणि भिंतीला हवा भरायचा पंप अडकवलेला असतो. हॉटेलसाठी लागणारी जागा आणि भांडवल त्यांच्याकडे नाही. सायकलवाल्याला तेवढे लागतही नाही.

नव्या महामार्गाने गावाबाहेरून वळण घेतले की जुना रस्ता वाऱ्यावर सुटतो. दुरुस्ती थांबते, झुडपे आत येतात. तो जुना रस्ता आरे-वारेसारखा अगदी लाटांच्या काठाने जाणारा असेल तर सायकलसाठी त्याच्यासारखा दुसरा नाही. तो कागदोपत्री ग्रामपंचायतीच्या गळ्यात टाकून न देता त्याच्या डागडुजीची तरतूद महामार्गाच्या खर्चातच असावी.

शेवटी एक विनंती. प्रत्येक पुलाचा छेद, म्हणजे कठड्यापासून कठड्यापर्यंत काय आणि किती फुटांचे आहे ते चित्र, दोन्ही काठांवरच्या ग्रामपंचायतींच्या फलकावर मराठीत लावावे आणि महिनाभर हरकती घ्याव्यात. आपल्या दैनिकाने ते चित्र मिळवून छापले तर आणखी बरे. दाभोळला लागले तर मी टेप घेऊन जाईन आणि माझ्या सायकलचे हँडल किती रुंद आहे ते लिहून देईन.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. दापोली, जि. रत्नागिरी