मावशी, तुम्ही ‘हे नगं’ म्हणालात त्याबद्दल

मावशी,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या भंगाराच्या दुकानात येऊन आभार मानावेत, तर तुम्ही मध्येच काट्याकडे वळाल, कुणाचा तरी पत्रा तोलायला घ्याल आणि माझं बोलणं तिथंच राहील. म्हणून लिहितेय, आणि मुद्दाम चारचौघांत लिहितेय. जुन्या वस्तू बागेत नाहीतर शेतात वापरायची हौस हल्ली बऱ्याच जणांना लागली आहे. त्यांनाही कळू दे, की पुरंदरच्या आमच्या वीस गुंठ्यांत जे काही उभं राहिलं ते तुमच्या नजरेवर उभं राहिलं.

हौशी माणूस वस्तूचा आकार बघतो. डबा दिसला की त्याला कुंडी दिसते, दरवाजा दिसला की वाफ्याची कड दिसते. तुम्ही आधी वस्तू हातात घेता, उलटी करता, वास घेता, नखाने टोकरता आणि मग विचारता, ‘ताई, कशाला पायजे?’ हा प्रश्न मला कुठल्याही रोपवाटिकेत कुणी विचारलेला नाही.

ही नजर पुण्यात घडली. हडपसरला पाठीवर पोतं घेऊन तुम्ही कागद-काच वेचलीत. १९९३ साली कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, डॉ. बाबा आढाव तिचे अध्यक्ष होते, आणि पुढे तिचं ओळखपत्र तुमच्या गळ्यात आलं, हे तुम्ही किती अभिमानाने सांगता! रोज शेकडो वस्तू हाताखालून गेल्या की कडक प्लास्टिक आणि नरम प्लास्टिक, जर्मल (अ‍ॅल्युमिनियम) आणि स्टील, बीड (ओतीव लोखंड) आणि साधं लोखंड हे हातालाच कळायला लागतं. त्या हाताने माझ्या शेतासाठी वस्तू निवडल्या. दुकानातला नफा सोडून निवडल्या, हे मी विसरणार नाही.

पहिलं उदाहरण त्या पांढऱ्या कॅनचं. बुच घट्ट, हँडल मजबूत, पाच लिटर पाणी सहज मावेल. रोपांना पाणी घालायला चांगल्या म्हणून मी त्यांचा भाव विचारला. तुम्ही एक कॅन फिरवून लेबलावरची चौकट दाखवलीत. कोपऱ्यावर उभी असलेली चौकट, आणि तिच्या खालच्या अर्ध्या भागात पिवळा रंग. ‘ही औषधाची. पिवळी हाय. नगं.’ कीटकनाशकाच्या डब्यावर हा रंग कायद्यानेच छापावा लागतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरव्या खुणेचा डबासुद्धा भाजीच्या वाफ्याजवळ येऊ द्यायचा नाही, हे तुम्ही मला बजावून सांगितलंत. अशा कॅन तुमच्याकडे आल्या की तुम्ही पहिल्यांदा त्यांच्या बुडाला भोक पाडता. कुणी त्यात रॉकेल, तेल, पिण्याचं पाणी भरायला नको म्हणून. कृषी खात्याची माणसं शेतकऱ्याला हेच सांगतात: रिकामा डबा तीन वेळा विसळा, विसळलेलं पाणी फवारणीच्या पंपातच ओता, डब्याला भोक पाडा. किती जण करतात? तुम्ही करता, आणि भोक पाडलेल्या डब्याचे तुम्हाला जास्त पैसे मिळत नाहीत.

दोनशे लिटरची निळी पिंपं तुम्ही माझ्यासाठी बाजूला काढून ठेवलीत तीही अशीच पारखून. बुडाच्या त्रिकोणात दोन आकडा, म्हणजे कडक प्लास्टिकची खूण, बघितलात, झाकण उघडून वास घेतलात. कारखान्यातल्या रसायनाची सगळी एका रांगेत ढकललीत आणि लोणच्याच्या मसाल्याचा वास येणारी मला दिलीत. त्यातल्या एकात आम्ही जीवामृत, म्हणजे पिकाला घालायचं पातळ खत, तयार करतो. दोनशे लिटर पाणी, दहा किलो ताजं शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती. पिंप सावलीत ठेवायचं, वर गोणपाट टाकायचं, सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं. लोखंडी पिंप त्याने गंजून गेलं असतं.

बाकीची पिंपं बोर्डो मिश्रणासाठी, म्हणजे बुरशीवरच्या औषधासाठी. अंजिरावर तांबेरा येतो, पानं गळतात, त्यावर ही फवारणी करावी लागते. एक किलो मोरचूद एका पिंपात, एक किलो चुना दुसऱ्यात, पन्नास-पन्नास लिटर पाण्यात वेगवेगळे कालवायचे आणि मग तिसऱ्यात एकत्र ओतायचे. इथे लोखंडी भांडं चालतच नाही, कारण मोरचुदातलं तांबं लोखंडावर जाऊन बसतं. मिश्रण बरोबर झालं का हे बघायची खूणसुद्धा त्यावरूनच आहे: स्वच्छ विळा बुडवून काढायचा, पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. तुम्ही प्लास्टिकचीच पिंपं लावून धरलीत तेव्हा मी तुम्हाला मोरचुदाबद्दल अवाक्षरही बोलले नव्हते. ‘अंजीर हाय ना, मग लोखंड नगं,’ एवढंच तुमचं म्हणणं. आपल्या भागातल्या बागायतदारांकडून किती पिंपं तुमच्याकडे गंजून आली असतील, त्यांच्यावरूनच तुम्ही हे शिकलात.

जुन्या वाड्याच्या त्या सुंदर खिडक्या तुम्ही मला भाजीच्या वाफ्यांसाठी दिल्या नाहीत, हेही बरं झालं. जुन्या तैलरंगात शिसं असायचं. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर नव्वद पीपीएमची (दहा लाखांत नव्वद भाग) कडक मर्यादा आली ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून, म्हणजे त्याआधीचे पापुद्रे मातीत पडू देणं धोक्याचंच. खिडक्या आता फाटकाला लावल्या आहेत, भाजीपासून लांब. सिमेंटच्या पत्र्याचे तुकडे तर तुम्ही हात लावू दिले नाहीत. ते कापले-फोडले की अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू हवेत उडतात, श्वासावाटे फुप्फुसात जातात. तुमच्या ओळखीतलं एक माणूस आयुष्यभर पत्रे फोडत आलं आणि पुढे त्याला दम लागायला लागला, हे तुम्ही फार हळू आवाजात सांगितलंत. त्यापुढे मी काही विचारलं नाही.

आता सायकलीबद्दल. याचे आभार मला सविस्तर मानायचे आहेत.

वीस गुंठ्यांसाठी बैलजोडी परवडत नाही आणि भाड्याचा ट्रॅक्टर वाफ्यात वळत नाही. खुरपणीला बाया मिळणं किती अवघड झालंय ते तुम्हाला माहीत आहे. जळगाव जिल्ह्यातल्या शेंदुर्णीचे गोपाळ भिसे यांनी ह्याच अडचणीतून सायकलीचं कोळपं, म्हणजे ओळींतलं तण काढायचं अवजार, बनवलं, त्याला ‘कृषिराजा’ नाव दिलं. ज्यांच्याकडे बैल नाहीत अशा कितीतरी छोट्या शेतकऱ्यांनी ते उचललं. मी तुमच्यासमोर ह्याचं नाव काढायचा अवकाश, तुम्ही ढिगाऱ्यातून एक जुनी चोवीस इंची सायकल ओढून काढलीत. मागचं चाक, साखळी, सीट वेगळी करून तुमच्याकडेच राहिली. पुढचं चाक, चिमटा आणि हँडल मला मिळालं. चाकाच्या तारा एकेक करून बोटाने वाजवून बघितल्यात, सैल असलेल्या दोन बदलून दिल्यात.

आणि फासेसाठी, म्हणजे कोळप्याच्या पात्यासाठी, तुम्ही ट्रकच्या कमानीचा (स्प्रिंगचा) पाटा काढून ठेवलात! हे मला सुचलंच नसतं. साध्या पट्टीची फास मुरमाड जमिनीत दोन दिवसांत बोथट होते. कमानीचं पोलाद कडक आणि चिवट असतं, म्हणून लोहार कोयते आणि कुऱ्हाडीसुद्धा त्याच पाट्यातून घडवतात. तुमच्याच ओळखीच्या लोहाराने ती तापवून, ठोकून धार लावून दिली. फासेची लांबी दोन ओळींतल्या अंतरापेक्षा थोडी कमी ठेवायला त्याला तुम्हीच सांगितलंत, नाहीतर रोपांची मुळं कापली जातात. आज घेवड्याच्या आणि भुईमुगाच्या ओळींतून मी ते ढकलत चालते. तण कोवळं असतानाच कोळपलं की जोर लागत नाही. कंबर वाकत नाही. माझ्या आईच्या पिढीने वाकून वाकून खुरपणी केली, त्यांच्या कमरा आठवल्या की ह्या चाकाची किंमत मला पैशात करता येत नाही.

माठांचं तसंच. मातीच्या माठाला भंगारात भाव नाही. तरीही उन्हाळा संपला की लोक जे माठ टाकून देतात ते तुम्ही गोळा करून आणता, फक्त मला द्यायला. माठ सीताफळाच्या रोपाशेजारी मानेपर्यंत पुरायचा, पाण्याने भरायचा, तोंडावर कौलाचा तुकडा ठेवायचा म्हणजे डास होत नाहीत. पाणी भिंतीतून पाझरत मुळांपाशी जातं, वर उन्हात उडून जात नाही. पण जुना माठ गार पाणी देईनासा होतो तो त्याची छिद्रं क्षारांनी बुजल्यामुळेच, आणि बुजलेला माठ जमिनीतही पाझरत नाही. काथ्याने आतून-बाहेरून खरवडून, रात्रभर पाण्यात ठेवून, बाहेरून ओल फुटते का हे बघून मगच तुम्ही तो मला देता. तैलरंगाने नक्षी काढलेले माठ वेगळे ठेवता, ते पाझरायचे नाहीत म्हणून. एप्रिलमध्ये टँकरची वाट बघणाऱ्या गावात एका रोपाला एक माठ म्हणजे काय, हे इथं राहणाऱ्यालाच कळेल.

साड्या बोहारणीकडून मिळवून दिल्यात. सांगोल्याकडे डाळिंबाच्या झाडांना उन्हाचा चट्टा लागू नये म्हणून साड्या पांघरतात, आम्हीही आमच्या चार झाडांना तेच केलं. बांधाला रानडुकरांसाठी रंगीत साड्या, रोपांच्या वाफ्यावर जुनी मच्छरदाणी. सिमेंटच्या गोण्या मात्र तुम्ही मला कधी दिल्या नाहीत, उन्हात त्यांचे धागे सुटून मातीत मिसळतात म्हणून. ह्याबद्दल वेगळं लिहायची गरज नाही, तुमचं म्हणणं बरोबर होतं.

पडक्या घराच्या विटांसाठी मात्र मन भरून आभार. अंजीर किती नाजूक हे पुरंदरात वेगळं सांगायला नको. २०१६ मध्ये आपल्या अंजिराला भौगोलिक मानांकन मिळालं, पण झाडावरून उतरवलं की दुसऱ्या दिवशी ते मऊ पडायला लागतं. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने बिनविजेचा शीतकक्ष शोधून काढला आहे: विटांचा तळ, त्यावर विटांच्या दोन भिंती, मध्ये तीन इंचांची फट, फटीत वाळू, वर बांबूची चौकट आणि गोणपाट. वाळू आणि गोणपाट सकाळ-संध्याकाळ भिजवायचं. पाणी उडताना आतली उष्णता घेऊन जातं. बाहेर जितकी कोरडी हवा तितका आत गारवा जास्त, म्हणून आपल्या मार्च-एप्रिलला तो फार चांगला चालतो. तुम्ही दिलेल्या विटा जुन्या भट्टीच्या, पाणी पिणाऱ्या. नव्या गुळगुळीत विटांपेक्षा त्याच हव्या होत्या. आता संध्याकाळी उतरवलेली अंजिरं घाईने पडेल त्या भावाला द्यावी लागत नाहीत.

पैशांबद्दल एक बोलायचं आहे. तुमच्याकडे येणारी पुष्कळ मंडळी ‘टाकाऊच तर आहे’ म्हणून फुकट मागतात, नाहीतर वजनाच्या भावात घासाघीस करतात. मला ते बघवत नाही. वस्तू टाकाऊ असेल, पण ती ढिगातून काढणं, तिच्यात आधी काय होतं ते ओळखणं, धोक्याची वस्तू बाजूला करणं हे कष्टाचं आणि ज्ञानाचं काम आहे. हे पत्र वाचणाऱ्यांना माझी विनंती आहे, की तुमच्या गावातल्या भंगारवाल्यांना वजनाचा भाव द्या आणि निवडून दिल्याचे वेगळे द्या. मावशी, तुम्ही वरचे पैसे परत करता. ह्यापुढे करू नका, मी ऐकणार नाही.

अंजिराचा खट्टा बहार सुरू झाला आहे. पहिल्या उताराची पाटी तुमच्या घरी येईल. नातवंडांना सांगून ठेवा.

तुमची,
वीस गुंठेवाली ताई

ता. क. वॉशिंग मशीनचं आतलं स्टीलचं भोकांचं पिंप आलं तर दुसऱ्या कुणाला देऊ नका. गंजत नाही, हवा खेळती राहते, पालापाचोळ्याच्या खताला त्याच्यासारखं काही नाही. आणि जुना फ्रिज आला तर आतला गॅस जाणकाराकडून काढून घेतल्याशिवाय त्याला हात लावू नका, ही ह्या वेळी माझी तुम्हाला सूचना.