नव्या माणसाला कुठे उभं करता?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र चार दिवस टेबलावर पडून आहे. दोनदा उत्तर लिहायला बसलो आणि दोनदा उठलो, कारण घाईघाईत लिहावं असा प्रश्न तू विचारलेलाच नाहीस. इतकी वर्षं प्रशिक्षण विभागात काढल्यावर आता पीएचडीला नाव नोंदवू का, आणि विषय कोणता घेऊ, असं तू विचारतोस. पण पत्रातलं दुसरंच एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. अभिप्रायाच्या फॉर्मवर सगळे 'उत्कृष्ट' लिहून जातात आणि तीन महिन्यांनी खात्यात जाऊन बघावं तर काम जुन्याच पद्धतीनं चाललेलं असतं, असं तू लिहिलंयस. अरे, तुझा विषय तो आहे.

कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण तपासायच्या चार पायऱ्या मांडल्या, हे तुला पाठच असेल : लोकांना आवडलं का, ते शिकले का, वागणं बदललं का, आणि कामावर परिणाम झाला का. तुझे फॉर्म पहिल्याच पायरीवर थांबतात. पुढे १९८८ मध्ये बाल्डविन आणि फोर्ड यांनी तोवरचे अभ्यास एकत्र वाचून दाखवलं, की शिकलेलं कामात उतरतं की नाही हे तीन गोष्टींवर ठरतं : शिकणारा माणूस, प्रशिक्षणाची आखणी आणि तो परत जातो ती कामाची जागा. पहिल्या दोन गोष्टींवर तू वर्षानुवर्षं जीव तोडून मेहनत घेतलीस. तिसरी मात्र तुझ्या हातात कुणी दिलीच नाही. माणूस परत जातो आणि त्याचा वरिष्ठ म्हणतो, "ते तिकडचं तिकडे राहू दे, आज माल बाहेर काढायचाय." तिथे तुझं दोन दिवसांचं प्रशिक्षण पुसलं जातं.

माणसं काम कशी शिकतात, याच्या अभ्यासात मला धरून ठेवलं ते शिंप्यांनी. जीन लेव्ह या मानववंशशास्त्रज्ञ बाई लायबेरियातल्या शिंप्यांच्या दुकानांत बसून उमेदवारांचं, म्हणजे हाताखाली काम शिकणाऱ्या पोरांचं, शिकणं बघत होत्या. कपडा तयार होतो तो बेतणं, शिवणं, मग काज-बटण आणि इस्त्री या क्रमानं. पोरं शिकायची नेमकी उलट्या क्रमानं. आधी बटणं आणि इस्त्री, मग शिवण, आणि कापड बेतायला अगदी शेवटी. शिवण चुकली तर उसवता येते, कात्री चुकली की कापड गेलं. शिवाय पहिल्या दिवसापासून पोरगं पूर्ण झालेला कपडा हातात धरतं, त्यामुळे आपण काय बनवतोय हे त्याला आधीच माहीत असतं. हा क्रम कुणी कागदावर आखून दिलेला नव्हता.

लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ मध्ये यावरून मांडणी केली, की नवा माणूस जुन्यांमध्ये राहून, छोट्या पण खऱ्या कामांतून शिकतो, आणि त्यात उलटं उदाहरणही दिलं. एका सुपरमार्केटात मांस कापायचं काम शिकायला आलेल्या उमेदवारांना पॅकिंगच्या मशीनवर लावलं होतं. ते मशीन अशा जागी होतं, की तिथून जुने कारागीर कसं कापतात ते दिसायचंच नाही.  जागाच चुकली होती.

हे वाचलं तेव्हा मला माझं शाळेतलं पहिलं वर्ष आठवलं. सगळ्यात अवघड तुकडी माझ्याकडे आणि वर्गाचं दार बंद. शेजारच्या वर्गात पंचवीस वर्षांचा अनुभव असलेल्या बाई अपूर्णांक शिकवत होत्या, आणि मी तो तास एकदाही पाहिला नाही. "वर्ग शांत असतो ना तुमचा? मग झालं," असं मला सांगितलं जायचं. मी शिकलो, पण मुलांच्या जिवावर शिकलो, आणि ती बोच अजून गेलेली नाही.

म्हणूनच शैक्षणिक नेतृत्व (माझा विषय) म्हणजे मोठी दृष्टी आणि भाषणं, असं कुणी म्हटलं की मी अस्वस्थ होतो. विवियन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मुख्याध्यापकांच्या कामाचे पाच प्रकार करून विद्यार्थ्यांच्या शिकण्याशी त्यांचा संबंध तपासला. शिक्षकांच्या शिकण्याला चालना देणं आणि त्यात स्वतः सामील होणं, याचा परिणाम सर्वांत मोठा निघाला, परिणामाच्या संख्याशास्त्रीय मापावर ०.८४. ध्येयं ठरवण्याचा त्याच्या निम्मा, ०.४२. अभ्यास मोजकेच होते, त्यामुळे मी हा आकडा छातीठोकपणे मिरवत नाही. पण 'स्वतः सामील होणं' हे शब्द मी सोडत नाही. माझ्या निरीक्षणवहीत एक नोंद आहे. व्हरांड्यात मुख्याध्यापिका, काखेत मस्टर. नवीन शिक्षिका थांबवून सांगते की भागाकारात मुलं अडकतायत. बाई म्हणतात, "उद्या दुसऱ्या तासाला मी मागच्या बाकावर येऊन बसते. मलाही तो धडा कधी नीट जमला नाही, आपण दोघी बघू." घड्याळ लावून चाळीस सेकंद. प्रबंधातलं माझं सगळ्यात चांगलं प्रकरण या चाळीस सेकंदांवर उभं आहे.

आता जे सांगतो ते फारसं कुणाला सांगितलेलं नाही. विभागप्रमुख झालो तेव्हा नेतृत्वाचा पेपर मी नऊ वर्षं शिकवत होतो. सहकाऱ्यांच्या संमतीनं मी आमच्या बैठका रेकॉर्ड करायचो, संशोधनासाठी. एका रात्री त्यातली एक ऐकली. सत्तर मिनिटांच्या बैठकीत सत्तेचाळीस मिनिटं माझाच आवाज. सर्वांत नवीन सहकारी बाईंनी तीनदा "मला असं वाटतं की..." म्हणून सुरुवात केली, आणि तिन्ही वेळा त्यांचं वाक्य मी पुरं केलं. आर्गिरिस आणि शॉन यांनी १९७४ मध्येच लिहून ठेवलंय, की माणूस तोंडानं सांगतो ते तत्त्व वेगळं आणि त्याच्या वागण्यातून दिसतं ते वेगळं, आणि हा फरक त्याचा त्याला दिसत नाही. तो फरक मी दरवर्षी फळ्यावर लिहीत होतो. दुसऱ्या दिवशी त्या सहकारी बाईंच्या खोलीत गेलो, ते रेकॉर्डिंग त्यांना ऐकवलं आणि माफी मागितली. पुढच्या महिन्यापासून अभ्यासक्रमाची बैठक त्या चालवायला लागल्या. मी टिपणं घेतो.

बाकी तू विचारलेलं थोडक्यात. शोधनिबंधांचा तगादा असतो, नाकारलेले परत येतात, पहिली दोन वर्षं कामाची माणसं सोडून आल्यासारखं एकटं वाटतं. संध्याकाळच्या वर्गाला नोकरी करून थकून आलेले विद्यार्थी मात्र सगळं भरून काढतात. त्यांचा प्रश्न उद्या सकाळी त्यांना खराच सोडवायचा असतो.

तेव्हा 'औद्योगिक क्षेत्रातील प्रशिक्षणाची परिणामकारकता : एक अभ्यास' असला विषय कृपा करून घेऊ नकोस. एक खातं घे. नवीन माणसाला पहिल्या सहा महिन्यांत कुठे उभं करतात, तिथून त्याला काय दिसतं, अडल्यावर तो कुणाला विचारतो आणि कुणाला विचारायला धजत नाही, एवढंच बघ. दोन पानं लिहून पाठव. मी पेन्सिल घेऊन वाचतो.

तुझाच,
जुना बाकमित्र

ता. क. टिपणं काढण्याआधी त्या लोकांना विचार, आणि नाही म्हटलं तर वही मिट. नावं बदलली तरी खात्यातला एकुलता एक फोरमन सगळ्यांना ओळखू येतो. माझ्या त्या मुख्याध्यापिकांनाही मी छापण्याआधी ते पान वाचायला दिलं होतं. त्यांनी एकच दुरुस्ती केली : "भागाकार नव्हे, अपूर्णांकांचा भागाकार."