कार्ल्याच्या खांबांवरची नावे मराठीत लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कार्ल्याच्या डोंगरावर वर्षभर वर्दळ असते. एकवीरा आईच्या दर्शनाला कोळी, आगरी, सीकेपी कुटुंबे लांबून येतात, चैत्रात पालख्या येतात. दर्शन झाले की देवळाला खेटून असलेल्या चैत्यगृहात, म्हणजे खडकात कोरलेल्या बौद्ध प्रार्थनागृहात, बरेच जण डोकावतात. अलीकडेच आम्ही सहकुटुंब गेलो होतो. आत एक लहान मुलगा आजोबांना विचारत होता, "हे कुणी केलं?" आजोबा म्हणाले, "पांडवांनी, एका रात्रीत."

आजोबांना बोल लावण्यात अर्थ नाही. खरे उत्तर तिथेच, खांबांवर आणि भिंतींवर कोरलेले आहे. पण ते ब्राह्मी लिपीत. वैजयंतीच्या, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीच्या, भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने, म्हणजे धनिक व्यापाऱ्याने, हे शैलगृह पुरे केले आणि ते जंबुद्वीपात, म्हणजे भारतखंडात, उत्तम आहे, असा लेख तिथे आहे. बाहेरचा सिंहस्तंभ महारठी ही पदवी असलेल्या अग्निमित्रणकाने दिला. खांबांसाठी दान देणाऱ्यांत धेनुकाकट या गावचे यवनही, म्हणजे ग्रीक म्हणवणारे परदेशीही, आहेत. मला सर्वांत भावतात ते दाराशी संबंधित दोघे: सिंहदत्त नावाचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आणि सामी नावाचा सुतार, वेणुवासाचा मुलगा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या सुताराचे नाव बापाच्या नावासकट टिकून आहे आणि आपण त्याच्या समोरून तसेच पुढे जातो! हे एका राजाचे काम नव्हे. व्यापारी, कारागीर, परदेशी अशा कितीतरी जणांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे दिलेल्या दानातून हे उभे राहिले आहे, हे त्या मुलाला कळायला हवे होते.

खांबांपाशी ही नावे मराठीत सांगणारी एकही पाटी आम्हाला दिसली नाही. लोक त्याच अक्षरांना पाठ घासत फोटो काढतात, कारण पाठीमागे काय आहे हे त्यांना ठाऊकच नसते. वर मान करून छताच्या लाकडी कमानी पाहणारेही थोडेच. त्या मूळच्या आहेत, स्तूपावरचे लाकडी छत्रही मूळचेच. असे लाकूडकाम इतक्या जुन्या लेण्यात आजही जागेवर पाहायला मिळणे फार दुर्मीळ आहे. स्तूपासमोर हात जोडून शांत उभ्या राहणाऱ्या उपासकांना तर त्या गोंगाटात दोन मिनिटे मिळणेही कठीण होते.

ज्यांच्याकडे या वास्तूची देखभाल आहे त्यांना विनंती आहे. दगडाला धक्का न लावता, खांबांपासून थोड्या अंतरावर सुट्या पाट्या उभ्या कराव्यात. त्यांवर मूळ लेख देवनागरीत आणि त्याखाली साध्या मराठीत अर्थ द्यावा. कार्ले, वेहेरगाव, मळवली इथल्या तरुणांना हे लेख वाचायला शिकवून मार्गदर्शक म्हणून नेमता येईल; त्यांना रोजगारही मिळेल. खर्च फार नाही. येत्या चैत्री यात्रेच्या आधी निदान भूतपाल, सिंहदत्त आणि सामी यांच्या तीन पाट्या तरी लागाव्यात.

आपला,
एक वाचक, पुणे