रिकाम्या स्ट्रिप सोबत आणणाऱ्या तुला

प्रिय दोस्ता,

तुझं नाव इथे लिहीत नाही, तुझ्या मैत्रिणीचंही नाही. ती गोळ्या घेऊन बेशुद्ध पडली, तेव्हा तू मदत बोलावलीस आणि त्या गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप आमच्याकडे आणल्यास. आपत्कालीन विभागातले डॉक्टर, परिचारिका आणि समुपदेशक असे आम्ही सगळे मिळून हे पत्र लिहितोय. तू जे केलंस ते नेमकं काय होतं, हे तुलाही कळावं आणि तुझ्या वयाच्या मुलामुलींना, त्यांच्या घरच्यांनाही कळावं, म्हणून ते उघडपणे लिहितोय.

सगळ्यात आधी त्या दोन स्ट्रिपबद्दल. मागच्या चंदेरी कागदावर औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम छापलेले असतात. एकीवर ट्रॅमाडॉल 37.5 आणि पॅरासिटामॉल 325 होतं, दुसरीवर अल्प्राझोलाम. ‘दुखण्याची गोळी आणि झोपेची गोळी’ एवढंच कळलं असतं, तर उपचार अंदाजाने करावे लागले असते. ट्रॅमाडॉल हे अफूच्या जातकुळीतलं वेदनाशामक. त्याने श्वास मंदावतो आणि झटकेही येऊ शकतात. अल्प्राझोलाम त्याच मंदावलेल्या श्वासावर आणखी भार टाकतं. पॅरासिटामॉलचा धोका वेगळा आहे. ते फार जास्त पोटात गेलं, तरी पहिले 24 तास पेशंट बरा दिसू शकतो आणि आत यकृत बिघडत असतं. त्याची रक्तातली पातळी गोळ्या घेतल्यापासून किमान 4 तासांनी मोजली तरच तिचा नीट अर्थ लागतो. त्यावरचा उतारा, एन-ॲसिटिलसिस्टीन, 8 तासांच्या आत सुरू झाला तर सर्वांत चांगला लागू पडतो. म्हणून गोळ्या कधी घेतल्या, याचं ‘साडेनऊच्या सुमाराला’ हे तुझे दोन शब्द एखाद्या तपासणीइतके मोलाचे होते.

‘घोरतेय ती, झोपू दे,’ असं कुणीतरी म्हणालं होतं. तू ते ऐकलं नाहीस. तशी घरघर म्हणजे जीभ मागे पडून श्वासाची वाट अर्धवट बंद झाल्याचा आवाज असतो. तू तिच्या छातीकडे बघत घड्याळ लावून एक मिनिट श्वास मोजलेस. ते 8 भरले. तुमच्या वयात साधारण 12 ते 20 असतात. ओठ निळसर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आणि खांदे हलवून मोठ्याने हाक मारली तरी जाग नाही, एवढं दिसल्यावर वाट बघायची नसते. तू आधी रुग्णवाहिका बोलावलीस, मग तिला कुशीवर वळवलंस, वरचा गुडघा दुमडून पुढे घेतलास, तिचा हात गालाखाली ठेवलास. तोंडावर पाणी मारलं नाहीस, मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला लावली नाहीस. अर्धवट शुद्धीतली उलटी सरळ फुप्फुसात जाऊ शकते, आणि मग वाचवणं फार अवघड होऊन बसतं.

श्वास थांबलाच असता, तर दर 5-6 सेकंदांनी एकदा तोंडाने श्वास द्यावा लागला असता, आणि नाडी लागत नसती तर छाती दाबावी लागली असती. नॅलोक्सोन, म्हणजे अफूवर्गीय औषधांवरचा उतारा, हाताशी असेल तर तेही द्यावं. 2-3 मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा डोस द्यावा. झोपेच्या गोळ्यांवर त्याचा उपयोग होत नाही, पण दिल्याने नुकसानही होत नाही. त्याचा असर 30 ते 90 मिनिटांत ओसरतो आणि गोळ्या तर अजून अंगात असतात. त्यामुळे डोळे उघडले म्हणून रुग्णवाहिका परत पाठवायची नाही.

आणखी एक गोष्ट तू सांगितलीस, ती कुणी विचारलीही नव्हती. बरेच दिवस ती सकाळी जांभया देत, नाक गळत, अंगावर काटे घेऊन वर्गात यायची आणि दुपारपर्यंत टवटवीत व्हायची. सगळ्यांनी त्याला सर्दी म्हटलं. अफूवर्गीय गोळीचा असर उतरला की, बहुधा 8 ते 24 तासांत, हेच दिसतं. पोटात मुरडा आणि जुलाबही होतात. गोळी अंगात असताना उलट होतं: बद्धकोष्ठ, नाक खाजवणं, बोलता बोलता डुलकी. अभ्यासासाठी म्हणून कुणाची तरी मिथाइलफेनिडेट (लक्ष एकाग्र व्हावं म्हणून दिली जाणारी उत्तेजक गोळी) घेणाऱ्या मुलांचं चित्र आणखी वेगळं. त्यांची भूक मरते, झोप उडते, छाती धडधडते, बाहुल्या मोठ्या होतात.

तिच्या घरच्यांसारखे जे कुणी हे वाचताहेत, त्यांच्याशी थोडं बोलतो. घरी लघवी तपासायचं किट आणून निर्धास्त होऊ नका. अफूच्या साध्या चाचणीत ट्रॅमाडॉल आणि फेंटानिल ही अफूवर्गीय वेदनाशामकं सापडत नाहीत, आणि अल्प्राझोलामच्याच गटातलं क्लोनाझेपाम त्या गटाच्या चाचणीतूनही पुष्कळदा निसटतं. सापडलेल्या गोळ्या रागाच्या भरात एकदम बंद करू नका. रोज अल्प्राझोलाम घेणाऱ्याचं औषध झटक्यात तोडलं तर फिट येऊ शकते. ते डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावं लागतं. काही आठवडे खंड पडला की शरीराची सवय मोडते, आणि मग पूर्वीचाच डोस जिवावर बेततो.

बोलायचं ते गुंगी उतरल्यावर. ‘का घेतलीस?’ यापेक्षा ‘गोळी घेतली की काय बरं वाटतं?’ असं विचारलं, तर झोप येत नाही, दुखतंय, परीक्षेची धास्ती आहे, असं खरं उत्तर मिळण्याची शक्यता जास्त. जीव द्यायचा विचार होता का, हेही स्पष्ट शब्दांत विचारा. विचारल्याने तो मनात येत नाही. घरातल्या गोळ्या मोजून आकडा डबीवर लिहा आणि डबी कुलपात ठेवा. ऑपरेशननंतर उरलेल्या गोळ्या ‘असू देत, कधीतरी लागतील’ म्हणून ठेवू नका, औषध दुकानात परत घेत असतील तर तिथे द्या.

आता पुन्हा तुझ्याकडे. तिने ‘कुणाला सांगू नकोस’ म्हणून शपथ घातली होती आणि तू ती मोडलीस, हे तुला खुपतंय. ती काही दिवस तुझ्याशी बोलणार नाही, असं होतं. त्याचा अर्थ तुझं चुकलं असा नाही. तुलाही झोप लागत नसेल, ते दृश्य डोळ्यांपुढून हलत नसेल, तर समुपदेशकाकडे तूही ये, वाट बघतोय. तिच्या गोळ्या मोजणं, तिच्यावर नजर ठेवणं हे काम आता मोठ्यांचं. तुझ्याकडे फक्त तिची मैत्री राहू दे.

मनापासून आभार.

तुझे,
आपत्कालीन विभागातले आम्ही सगळे