इम्प्लांट लावून जगणं समजावणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

हे पत्र तुम्हाला, आणि तुमच्यासारख्याच कॉक्लिअर इम्प्लांट (बहिऱ्या माणसाला ऐकू यावं म्हणून ऑपरेशन करून कानाच्या आत बसवायचं यंत्र) लावून नोकरी-संसार करणाऱ्या, आमच्या शंकांना न कंटाळता उत्तरं देणाऱ्या सगळ्यांना. चारचौघांत लिहितेय, कारण आमच्यासारखे आईबाप गावोगावी आहेत आणि तुमच्यासारखं माणूस प्रत्येकाला भेटतंच असं नाही.

लेकीचं ऑपरेशन तिसऱ्या वर्षी एडीआयपी या सरकारी योजनेतून झालं. डॉक्टर चांगले मिळाले, थेरपीच्या बाई तर देवमाणूस. स्विच ऑन म्हणजे मशीन पहिल्यांदा सुरू करणं, मॅपिंग म्हणजे ते तिच्या कानाला जुळवणं, सगळं त्यांनीच शिकवलं. पण त्या सगळ्यांना ऐकू येतं. इम्प्लांटमधून ऐकत अख्खा दिवस काढणं म्हणजे काय, हे सांगणारं कुणीच नव्हतं.

शाळेतून आली की ती मशीनची डोक्याला चुंबकाने चिकटणारी कॉइल ओढून काढायची आणि कोपऱ्यात जाऊन बसायची. हट्टी झालीय, असं जो तो म्हणे. तुम्ही म्हणालात, "अहो, दमलीय ती. ऑफिसातून आले की मीही पहिलं तेच करते." मग नीट समजावलंत. चांगल्या कानात आवाज टिपणाऱ्या आतल्या केसपेशीच साधारण ३,५०० असतात. हिच्या इम्प्लांटच्या तारेवर त्यांचं काम करायला इलेक्ट्रोड २२. उरलेलं मेंदू भरून काढतो, तेही पंख्याच्या घरघरीत, बाकं सरकवण्याच्या आवाजात, बाईंचे ओठ बघत. आता शाळेनंतर थोडा वेळ प्रोसेसर, म्हणजे बाहेरचं मशीन, डब्यात राहतो आणि तिला कुणी हाका मारत नाही. मग आपणहून मशीन लावून ती खायला मागते, आणि वर्गातलं सगळं सांगत सुटते.

रात्रीचं तर मला सुचलंच नसतं. मशीन काढून झोपलेलं मूल अंधारात दचकून उठलं, तर त्याला ना आईचा आवाज येतो, ना तोंड दिसतं. तुम्ही लहानपणीची तुमची ती भीती सांगितलीत आणि म्हणालात, झिरोचा दिवा लावा, घरातल्या घरात चार खुणा ठरवा. पाणी, शू, भीती वाटतेय, जवळ ये. खुणा केल्या तर बोलणं मागे पडेल, असं आम्हाला बऱ्याच जणांनी बजावलं होतं. तसं काही झालं नाही. ती झोपायला लागली, आणि मीही.

तुम्ही अवघड ते झाकून ठेवलं नाहीत, याचे आभार जास्त. स्टेशनवरची अनाउन्समेंट तुम्हाला आजही कळत नाही. गाण्याचा ताल सापडतो, चाल निसटते. गणपतीत ढोलताशासमोर तुम्ही मशीन काढून उभ्या राहता आणि ठोके छातीत घेता. "मशीन काढलं की ती बहिरीच आहे, आणि त्यात वाईट काही नाही," हे तुम्ही शांतपणे म्हणालात तेव्हा मला आधी लागलं. मग खूप हलकं वाटलं. हे कुठल्याही दवाखान्यात मला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि तुम्ही घरी आलात तो दिवस. केस मागे सारून तिला कॉइल दाखवलीत. तिने ती काढली, परत लावली. चुंबक टक्कन बसला तशी खुदकन हसली. "मोठ्यांना पण असतं?" तिने मला नंतर विचारलं. तोवर तिने मशीन लावलेलं मोठं माणूस पाहिलंच नव्हतं! मोठी झाल्यावर आपण कशा असू, याचं चित्रच तिच्यापुढे नव्हतं. आता ती तुमच्यासारखी पर्स हवी म्हणते.

जादा केबल घेऊन ठेवलीय, इम्प्लांटचं कार्ड पाकिटात आहे. दुसऱ्या कानाबद्दल डॉक्टरांशी बोलायचंय, तेव्हा इम्प्लांटमध्ये चुंबक असताना पुढे एमआरआय करता येईल का, हा तुमचा प्रश्न पहिला विचारणार आहे. पाऊस थांबला की याच. वॉटरप्रूफ कव्हर घालून तिला तुम्हाला पोहून दाखवायचंय.

तुमच्या छोट्या मैत्रिणीची आई